क्रूझचं बुकिंग करण्याआधी पाच पासपोर्ट टेबलावर ठेवा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना दर वाक्यात येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.)

 

आजचा विषय ताईमुळे आला. ताई, जिजू आणि दोन्ही मुलं न्यू जर्सीत एडिसनला राहतात, मी त्यांच्यापासून वीस मिनिटांवर. मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. “अरे, पोरं दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसतात. पुढच्या ऑगस्टमध्ये हिचं कॉलेज सुरू होईल, मग आपण सगळे एकत्र कधी जाणार? एप्रिलच्या सुट्टीत कॅरिबियन क्रूझ करू. तू इंजिनिअर आहेस, तू बघ.” आपल्याकडे इंजिनिअर असणं म्हणजे वायफायपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळं बघणं. असो.

मी त्याच रात्री लॅपटॉप उघडला आणि सगळे करतात तेच केलं: आधी जहाजं बघितली. वॉटरपार्क, बर्फाची रिंक, वीस मजले. भाच्यानं ‘आयकॉन ऑफ द सीज’चे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघायला लागलेलं हे जहाज, पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी घेतं. आमच्या गावची लोकसंख्या त्याहून कमी आहे. (हसतो.) ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला विचारलं, कागदपत्रं काय लागतात? तो म्हणाला, “काही नाही रे, बर्थ सर्टिफिकेट आणि लायसन्स. आम्ही तर पासपोर्टसुद्धा घेऊन गेलो नव्हतो.”

तो खोटं बोलत नव्हता. पण त्याचं उत्तर त्याच्यासाठी होतं, आमच्यासाठी नाही. आजचा भाग मुख्यतः त्यावरच आहे. वॉटरपार्कवर शेवटी येऊ.

जहाज अमेरिकेबाहेर जातंच

जी क्रूझ अमेरिकेच्या एका बंदरातून निघते आणि त्याच बंदरात परत येते, तिला ‘क्लोज्ड लूप’ म्हणतात. अशा क्रूझवर अमेरिकन नागरिकांना पासपोर्टशिवाय परत येता येतं. जन्माचा दाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं, सोळा वर्षांखालच्या मुलांना तर नुसता दाखला. माझा सहकारी हेच सांगत होता.

पण ‘लूप’ या शब्दानं फसायला होतं. वाटतं, इथूनच निघालो, इथेच आलो, म्हणजे आपण कुठे गेलोच नाही. प्रत्यक्षात १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट. परदेशी झेंड्याच्या जहाजानं प्रवाशांना नुसतं अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरवायचं नाही, असा त्याचा मथितार्थ. आणि ही मोठमोठी जहाजं जवळपास सगळी बहामाज, पनामा वगैरे देशांत नोंदलेली असतात. त्यामुळे अमेरिकेतून निघून अमेरिकेत परतणाऱ्या अशा जहाजाला वाटेत निदान एका परदेशी बंदराला लागावंच लागतं. थोडक्यात, आपल्यासारख्यांसाठी ती रीतसर परदेशवारी असते. परत येताना सीबीपीचा, म्हणजे अमेरिकेच्या सीमेवरचा अधिकारी तुमचे कागद बघणार, आणि त्याच्याही आधी निघतानाच काउंटरवर क्रूझ कंपनी बघणार. तिथे कागद कमी पडला तर जहाज तुम्हाला सोडून निघतं. पैसे सहसा परत मिळत नाहीत.

मग एका रविवारी ताईकडे पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही पाचही पासपोर्ट टेबलावर मांडले. ताईला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तीन तास लागले.

एक घर, पाच उत्तरं

भाचा चौदा वर्षांचा, जन्म न्यू जर्सीचा, पासपोर्ट अमेरिकन. त्याचा विषय संपला. तो उठून गेला.

ताई एच-१बी वर आहे. मागच्या वर्षी ती भाचीला घेऊन पुण्याला गेली होती, तेव्हा दोघींनी मुंबईत स्टॅम्पिंग करून घेतलं. ताईचा एच-१बी आणि भाचीचा एच-४ असे दोन्ही व्हिसा चालू आहेत.

जिजूंना तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती, ते इथेच राहिले. त्यांच्या एच-१बीची मुदत वाढून मिळाली आहे, आय-७९७ चा कागद आहे, नोकरी व्यवस्थित आहे. पण पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलाय. इथे राहायला त्यानं काही बिघडत नाही, कारण स्टॅम्प हा दारातून आत येण्यासाठी असतो आणि आतलं राहणं आय-९४ वर चालतं. पण क्रूझवर गेलं की आपण दाराबाहेर पडतो.

इथे बरेच जण म्हणतील, “अरे, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन आहे ना?” आहे. स्टॅम्प संपलेला असला, तरी तीस दिवसांच्या आत परत येत असाल आणि आय-९४ चालू असेल, तर ठरावीक प्रवासात आत येता येतं. मात्र एच-१बी आणि एच-४ वाल्यांसाठी हा प्रवास फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोचा. कायद्याच्या भाषेत ज्यांना ‘ॲडजेसंट आयलंड्स’ म्हणतात, म्हणजे बहामाज, जमैका, बार्बाडोस, डॉमिनिकन रिपब्लिक वगैरे, तिथून परत येताना ही सवलत फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांना आहे. म्हणजे इथे शिकणारा एफ-१ वरचा तुमचा मित्र संपलेल्या स्टॅम्पवर, सही केलेला आय-२० घेऊन बहामाजहून येऊ शकतो. त्याच जहाजावरून एच-१बी वाले जिजू येऊ शकत नाहीत. हा फरक मी तीनदा वाचला, तेव्हा पटला.

“मग फक्त मेक्सिकोची क्रूझ घेऊ,” जिजू म्हणाले. तीही असते, टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून निघून कोझुमेलला जाऊन येणारी. पण मेक्सिको भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसातून सूट देतं ते चालू अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर. स्टॅम्प संपलेला म्हणजे तिकडचंही दार अडलं. शिवाय वादळामुळे किंवा बिघाडामुळे जहाज कोझुमेल सोडून बहामाजला लागलं, तर? मार्ग बदलायचा हक्क कंपनीनं तिकिटाच्या करारात राखून ठेवलेला असतो. जिजू गप्प झाले आणि चहा घेऊन गॅलरीत गेले.

राहिलो मी. मी इथे एफ-१ वर आलो, नोकरी लागली, लॉटरीत नंबर लागला आणि इथेच बसून स्टेटस एच-१बी झालं. पासपोर्टमध्ये स्टॅम्प एफ-१ चाच. त्याची तारीख शिल्लक असती, तरी एच-१बी म्हणून आत यायला तो चालला नसता. म्हणजे प्लॅन करणारा मामाच प्लॅनमध्ये बसत नव्हता. भाची हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला.

भाचीचा आय-९४

हसू फार टिकलं नाही. मी सगळ्यांचे आय-९४ सीबीपीच्या साइटवरून डाउनलोड करत होतो. पासपोर्ट नंबर टाकला की दोन मिनिटांत मिळतो. ताईचा तिच्या आय-७९७ च्या तारखेपर्यंत होता, अजून दोन वर्षं. भाचीचा उघडला, तर येत्या फेब्रुवारीतली तारीख.

मला वाटलं, साइटचा बग. बग नव्हता. भारतात अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तितकाच मिळतो. भाचीचा पासपोर्ट ती बारा वर्षांची असतानाचा, त्याची मुदत फेब्रुवारीत संपते. मागच्या वर्षी पुण्याहून परत येताना विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तिला आईच्या तारखेपर्यंत नाही, तर स्वतःच्या पासपोर्टच्या तारखेपर्यंतच आत घेतलं होतं. असं सर्रास होतं. कुणी सांगत नाही, शिक्काही कुणी वाचत नाही. आणि एच-४ चा व्हिसा पासपोर्टमध्ये पुढच्या तारखेचा दिसत असतो, त्यामुळे घरचे निर्धास्त.

ताईचा चेहरा उतरला. क्रूझचा विषय निघाला नसता, तर मार्चमध्ये आमची भाची शाळेत जात राहिली असती आणि कागदोपत्री तिची राहण्याची परवानगी संपलेली असती. कॉलेजचे अर्ज भरण्याच्या वर्षात.

माझ्या डोक्यात लगेच जुगाड आला. पासपोर्ट नवीन करू, डिसेंबरमध्येच क्रूझवर जाऊ, परत येताना नवीन पासपोर्टवर नवीन आय-९४ मिळेल. एका दगडात दोन पक्षी! इमिग्रेशनच्या वकिलांशी अर्धा तास बोललो, त्यांनी तो दगड खाली ठेवायला लावला. तीस दिवसांच्या आतल्या जवळच्या सहलीनंतर तुम्हाला जुन्याच आय-९४ वर आत घेतलं जाऊ शकतं, नवीन मिळेलच असं नाही. मुलीचं स्टेटस जहाजाच्या भरवशावर ठेवू नका, असं त्या म्हणाल्या. रस्ता सरळ आहे: आधी पासपोर्टचं नूतनीकरण, मग आय-९४ संपायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज. मात्र तो अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलं, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. म्हणजे क्रूझची तारीखसुद्धा या अर्जाला बांधलेली.

आमच्या कामाच्या भाषेत याला डिपेंडन्सी म्हणतात. पासपोर्टशिवाय अर्ज नाही आणि अर्जाचा निकाल न बघता क्रूझ नाही. जहाज कुठलं, हा प्रश्न यादीत पार तळाला गेला.

तर तुम्ही एच-४ वर असाल, किंवा तुमची धाकटी भावंडं, भाचरं असतील, तर हा एपिसोड पॉज करून आधी त्यांचा आय-९४ बघा. क्रूझला जाणार नसाल तरी बघा. मुदत इथेच राहून वाढवली असेल, तर आय-७९७ च्या खाली जोडलेला नवा आय-९४ असतो, तोही बघा. चालतो तो सगळ्यात शेवटी मिळालेला.

कुठून निघायचं

आता थोडं मजेचं. न्यू जर्सीवाल्यांना बेयॉनचं केप लिबर्टी बंदर घराजवळ आहे, एडिसनहून गाडीनं तासाच्या आत. विमानाचा खर्च नाही. पण कॅरिबियनचं ऊबदार पाणी गाठायला जाताना जवळजवळ दोन दिवस नुसता समुद्र आणि येताना पुन्हा तितकाच, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पहिल्या दिवशी डेकवर जॅकेट घालून उभं राहायचं. मायामीहून निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी बहामाज. टीनएजर सोबत असतील, तर माझं मत मायामी. सलग दोन दिवस समुद्र बघून ती पोरं परत फोनमध्येच जाणार.

भाच्याला मात्र बार्बाडोस हवं होतं. कारण तुम्हाला माहीत आहे: २९ जून २०२४, केन्सिंग्टन ओव्हल, सात धावांनी जिंकलेली टी-२० वर्ल्ड कपची फायनल. रोहितनं चाखलेली माती बघायचीय म्हणे. बार्बाडोस पार पूर्वेला आहे. मायामीच्या सात दिवसांच्या फेऱ्यांत ते सहसा बसत नाही, त्यासाठी प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनहून निघणाऱ्या क्रूझ सोयीच्या. सान हुआन अमेरिकेतच मोडतं, तिथवरचं विमान देशांतर्गत. पण पाच जणांची एप्रिलमधली तिकिटं बघून भाच्यालाच सांगितलं, माती यूट्यूबवर बघ.

महिन्याचं म्हणाल, तर अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातला जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. एप्रिल त्यातून सुटतो. आणि जहाज सुटायच्या दिवशी सकाळच्या विमानानं जाऊ नका, आदल्या दिवशी पोचा. फ्लाइट उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही.

पोरांचं गणित

टीनएजरांसाठी क्रूझमध्ये वयाच्या रेषा फार कडक असतात आणि वय प्रवासाच्या तारखेला मोजतात. बहुतेक मोठ्या जहाजांवर टीन क्लब १२ ते १७ वयासाठी असतो, काही कंपन्या त्यातही १२ ते १४ आणि १५ ते १७ असे दोन गट करतात. अठरा पूर्ण झाले की टीन क्लब बंद. आणि अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर दारू एकवीसशिवाय नाही, म्हणजे अठरा ते वीसवाल्यांचा त्रिशंकू होतो. आमची भाची मेमध्ये अठराची होते. म्हणून एप्रिल. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो, तर तिला आईबाबांच्या टेबलावर बसून बिंगो खेळावा लागेल, असं ती स्वतःच म्हणाली.

दुसरी रेषा केबिनची. “आम्हा दोघांना वेगळी केबिन द्या,” अशी मागणी आली होती. अमेरिकेतून निघणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की प्रत्येक केबिनमध्ये एकवीस किंवा त्यावरचा एक जण नोंदलेला हवा. आईवडिलांची केबिन लागून असेल तर काही ठिकाणी सूट मिळते, पण ती बुकिंगच्या वेळीच विचारा. आम्ही ठरवलं: एकीत ताई, जिजू आणि भाची, दुसरीत मी आणि भाचा. तिसऱ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा सहसा कमी पडतं, म्हणून ही वाटणी परवडते. मला स्टॅम्प मिळाला नाही, तर चौदा वर्षांचा पोरगा एकटा राहू शकत नाही, मग सगळी वाटणी पुन्हा. आणि जिजू येऊ शकले नाहीत, तर मुलांसोबत त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र असावं. सीबीपी त्याची सक्ती करत नाही, पण जवळ ठेवायला सांगते.

तिसरी गोष्ट फोन. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की जहाजाचंच मोबाइल नेटवर्क सुरू होतं. ते तुमच्या नेहमीच्या रोमिंग प्लॅनमध्ये येईलच असं नाही, आणि बिल बघून घाम फुटतो. चढल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर, मग वायफाय चालू. इंटरनेटचं पॅकेज दर दिवशी, दर डिव्हाइसवर घेतात. पण इंटरनेट वेगळं आणि जहाजाचं अंतर्गत नेटवर्क वेगळं, अगदी ऑफिसच्या लॅनसारखं. कंपनीचं ॲप त्या अंतर्गत नेटवर्कवर पॅकेजशिवाय चालतं: आजचे कार्यक्रम, जेवणाचं बुकिंग, काहींत आपापसातलं चॅटसुद्धा. आम्ही पाच जणांत एकच इंटरनेट पॅकेज घेणार आहोत. यावर घरात जे झालं, ते रेकॉर्ड केलेलं नाही.

आणि घड्याळ! हे मला स्वतःला भारी वाटलं. मेक्सिकोचा कोझुमेलचा भाग वर्षभर एकाच वेळेवर चालतो, घड्याळ पुढेमागे करत नाही. मायामी मात्र मार्चमध्ये एक तास पुढे जातं. एप्रिलमध्ये जहाजानं मायामीचीच वेळ ठेवली आणि कोझुमेलला उतरून फोनला तिथलं सिग्नल मिळालं, तर फोन आपोआप एक तास मागे येणार. फोन म्हणतो तीन, जहाजावर वाजलेत चार. साडेचारला सगळ्यांनी परत यायचं असेल, तर तुमचा पोरगा अजून दीड तास आहे म्हणून बीचवर निवांत. जहाजाची वेळ मनगटावरच्या साध्या घड्याळात लावा आणि फोनमधली ‘ऑटोमॅटिक टाइम’ची सेटिंग बंद करून टाका. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण बाहेर टॅक्सी ठरवून गेलो असू, तर नाही.

खर्च आणि खाणं, पटकन

जाहिरातीतलं भाडं अंतिम नसतं. बंदराचे कर वेगळे, टिप वेगळी. टिप दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर, मुलांचीही. १८ धरले तर आमच्या पाच जणांचे सात दिवसांचे ६३० डॉलर, नुसत्या टिपचे. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं, आणि नेहमीचा आरोग्य विमा तिथे चालेलच असं नाही, म्हणून प्रवास विमा घ्या. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगमध्ये आधी नोंदवा, पहिल्या रात्री डायनिंगमधल्या मुख्य वेटरशी पुन्हा बोला. घरी केलेले डबे चढू देत नाहीत, सीलबंद पाकिटं सहसा चालतात. ताईची चकली राहिली, दुकानातला चिवडा चालेल. राइस कुकर, किटली, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळं सुरक्षा तपासणीत काढून घेतात. चार यूएसबीचा एक चार्जर न्या, भांडणं वाचतील.

आता आम्ही कुठे आहोत, ते सांगतो. भाचीच्या पासपोर्टचा अर्ज गेलाय, तो हातात आला की त्याच आठवड्यात आय-५३९. जुना पासपोर्ट जपून ठेवायचा, कारण चालू व्हिसा त्यातच आहे, प्रवासात दोन्ही लागतील. जिजू आणि मी दिवाळीला घरी जातोय, मुंबईत स्टॅम्पिंगच्या तारखा घेतल्यात. नुसत्या क्रूझसाठी हे केलं नसतं. स्टॅम्पिंग अडकलं तर माणूस आठवडेच्या आठवडे तिकडे राहतो आणि इकडे नोकरी ताटकळते. पण आईबाबांना भेटून तीन वर्षं झालीत, जायचंच होतं. बुकिंग रिफंडेबल डिपॉझिटवर केलंय, तेही दोन हिशोब करून: एक पाच जणांचा, एक तिघांचा. पूर्ण पैसे भरायची तारीख निघण्याआधी साधारण तीन महिने, म्हणजे जानेवारीत. तोपर्यंत कळेल.

भाचीनं फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकलाय, “बाबा नसतील तर मी पण नाही.” खाली भाच्याचा मेसेज: “मग वॉटरपार्कची लाइन अजून छोटी.” ताईनं दोघांनाही म्यूट केलंय.

चला, भेटू पुढच्या भागात.